केस, बाष्प आणि उसना सरळपणा

जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये हवेतल्या ओलाव्याच्या मोजमापावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी घडवलेल्या यंत्राचा प्राण म्हणजे माणसाचा केस. सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढलेला केस ताणून बांधायचा. हवा दमट झाली की तो लांबतो, कोरडी झाली की आखडतो आणि त्या हालचालीवर काटा फिरतो. अगदी कोरड्या हवेपासून पूर्ण संपृक्त हवेपर्यंत केसाच्या लांबीत पडणारा फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा असतो. पण तो इतक्या नेमाने पडतो की पुढे विसाव्या शतकातही जगभरच्या वेधशाळा केसांवर चालणारे आर्द्रतालेखक वापरत राहिल्या. भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळाही त्यांत होत्या. केस हवेतले पाणी घेतो आणि सोडतो, हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव आहे. तेलकटपणा काढला तरी तो जात नाही, केस डोक्यापासून कापून वर्षानुवर्षे पेटीत बांधून ठेवला तरी जात नाही. कुरळे केस उष्णतेने सरळ करून दमट हवेत तसेच टिकवण्याचा विचार करायचा तर सुरुवात या गोष्टीपासून केली पाहिजे, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ आणि बहुतेक वाया गेलेला पैसा ती विसरल्यामुळेच होतो.

हा प्रश्न जगात सर्वांत जास्त बारकाईने कोणी हाताळला असेल, तर तो अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी. आफ्रिकी वंशाच्या केसांचा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो, केस ज्या पुटकातून उगवतो ते पुटकच वळलेले असते आणि त्यामुळे केस घट्ट वेटोळ्यांत वाढतो. कोणतेही रसायन न लावलेल्या अशा केसांना तिकडे ‘नॅचरल’ म्हणतात. तेच केस धुऊन, वाळवून, सपाट तापत्या चिमट्याने रेशमासारखे गुळगुळीत करण्याच्या आजच्या पद्धतीचे नाव ‘सिल्क प्रेस’. तिची पूर्वज म्हणजे शेगडीवर तापवलेली धातूची फणी, म्हणजेच हॉट कोंब. ही फणी मॅडम सी. जे. वॉकर यांनी शोधली असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही, तापवलेली केशसाधने त्यांच्या आधीपासून वापरात होती. पण लुइझियानातल्या डेल्टा या गावी १८६७ मध्ये जन्मलेल्या वॉकर आणि सेंट लुइसमध्ये ‘पोरो’ ही कंपनी उभारणाऱ्या ॲनी टर्न्बो मलोन या दोघींनी केसांची निगा हा हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांचा स्वतंत्र व्यवसाय केला. हा व्यवसाय मिसिसिपी नदीच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासच्या प्रदेशातही पसरला, जिथे उन्हाळ्याची हवा जवळजवळ कोकणासारखी ओलीचिंब असते. केस सरळ करण्याची कला आणि तिला सर्वांत प्रतिकूल हवा अशी शंभराहून अधिक वर्षे शेजारी नांदत आली आहेत.

तापवलेली फणी केसात नेमके काय बदलते? केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. गंधकाच्या अणूंमधले डायसल्फाइड बंध बळकट असतात. केसाचा मूळ आकार, त्याचे वेटोळे, हे बंध सांभाळतात आणि पाण्याने ते तुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध. एकेकटा घेतला तर असा बंध अगदी दुबळा, पण त्यांची संख्या अफाट. हे बंध पाण्यात सुटतात आणि पाणी निघून गेले की केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. केस ओला करून, ताणून, उष्णतेने त्यातले पाणी घालवले की हायड्रोजन बंध सरळ स्थितीत गोठतात. गंधकाचे बंध मात्र मूळ वेटोळ्याच्याच जागी, ताणलेल्या अवस्थेत, वाट पाहत राहतात. इस्त्री केलेला सुती सदरा पावसाळी हवेत तासाभरात मरगळतो, त्यामागेही हीच घडामोड आहे. कापसाच्या सेल्युलोजमधले हायड्रोजन बंधही बाष्पाने असेच सुटतात. म्हणजे उष्णतेने दिलेला सरळपणा उसना आहे. बाष्प केसात शिरते, एकेक हायड्रोजन बंध सैल करते, आणि दबून राहिलेले वेटोळे वर येते. केस मूळपदावर येतात, ते आतली पक्की चौकट शाबूत असते म्हणून.

माझे म्हणणे असे आहे की दमट हवेतले केस मूळपदावर येणे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येते. आणि ते थांबवल्याचा दावा जिथे जिथे केला जातो, तिथे एकतर तो खोटा असतो किंवा केसाची आतली चौकट मोडलेली असते. या विधानाचा आधार साध्या आकड्यांत आहे. केस आपल्या वजनाच्या किती टक्के पाणी धरतो हे मुख्यतः त्याच्या लगतच्या हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरते. ४० टक्के आर्द्रतेला ते सुमारे ८ टक्के असते, ६५ टक्क्यांना सुमारे १३, आणि संपृक्त हवेत ३० टक्क्यांच्या आसपास जाते. शेवटच्या टप्प्यातली ही उडी महत्त्वाची आहे. संपृक्त हवेत केसाची जाडी कोरड्या केसापेक्षा १४ टक्क्यांच्या आसपास वाढलेली असते, म्हणजे तो लांबीपेक्षा कितीतरी जास्त आडवा फुगतो. केसाला लावलेले तेल, सीरम किंवा फवारा यांपैकी कशानेही हा अंतिम हिशेब फारसा बदलत नाही. हवा तशीच राहिली तर केस शेवटी त्या हवेला साजेसे पाणी घेतोच. बदलतो तो वेळ. आणि खरे तर हवा असतो तो वेळच. लग्नाला जायचे असेल, मुलाखत असेल, आठवडाभराचे काम असेल, तर केसांनी अनंत काळ सरळ राहण्याची गरज नसते.

अमेरिकेतल्या नॅचरल केसांच्या स्त्रिया हवामानाच्या अंदाजात आर्द्रतेच्या टक्क्यांऐवजी दवबिंदू बघतात, याचे कारण इथेच सापडते. वरवर पाहता हे भौतिकशास्त्राशी विसंगत वाटेल, कारण केस सापेक्ष आर्द्रतेला प्रतिसाद देतो असे आत्ताच म्हटले. पण डोक्यावरचा केस बाहेरच्या तापमानाला नसतो, तो ऊबदार टाळूजवळ असतो. शिकागोतल्या हिवाळ्यातला धुक्याचा दिवस घ्या: तापमान ५ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ९५ टक्के. तीच हवा टाळूजवळ ३२ अंशांपर्यंत गरम झाली की तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते, कारण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता खूप मोठी असते. उलट ह्यूस्टनच्या जुलैमध्ये दवबिंदू २४ अंशांवर असतो. ३२ अंशांना त्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढेच राहते आणि टाळूची ऊब तिला फारसे कोरडे करू शकत नाही. हवेत बाष्प खरोखर किती आहे, हे दवबिंदू सांगतो. पहाटेची आर्द्रता टक्क्यांत नेहमीच जास्त दिसते, म्हणून टक्के पाहून घाबरणाऱ्या किंवा निर्धास्त होणाऱ्या व्यक्तीची फसगत होते. मुंबईच्या किंवा गोव्याच्या जूनमध्ये दवबिंदू २४-२५ अंशांवर ठाण मांडून बसतो; तिथे स्ट्रेटनर फिरवलेले केस दुपारपर्यंत का फुलतात हे यावरून कळेल, जरी तिथले बहुतेक केस घट्ट वेटोळ्यांचे नसून लाटदार असल्यामुळे परतण्याचे अंतर कमी असते.

वेळ लांबवायचा तर सर्वांत मोठा वाटा केस सरळ करतानाच पडतो, नंतर लावायच्या बाटलीचा नव्हे. केस पूर्ण वाळलेला नसेल तर चिमटा त्यातले उरलेले पाणी अर्धवट हाकलतो. बंध नीट गोठत नाहीत आणि तो केस बाहेर पडताच आधी सैलावतो. शिवाय ओल्याकडून वाळत आलेला केस त्याच हवेत कोरड्याकडून ओलावत जाणाऱ्या केसापेक्षा थोडे जास्त पाणी धरून ठेवतो. म्हणून केस मुळापासून टोकापर्यंत ताणून, पूर्ण वाळवून सुरुवात केली की हवेशी चाललेल्या शर्यतीत थोडी आघाडी मिळते. ओलसर केसावर तापता चिमटा टेकवण्याचा दुसरा तोटा याहून वाईट आहे. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती केसाच्या गाभ्यात पोकळ बुडबुडे पाडते. त्वचारोगतज्ज्ञ अशा ठिसूळ केसाला ‘बबल हेअर’ म्हणूनच ओळखतात. तापमानाबाबतही समज उलटा आहे. जितके जास्त तापवू तितके जास्त टिकेल, हे काही मर्यादेपर्यंतच खरे; २०० अंशांच्या पुढे केराटिनची रचनाच मोडू लागते आणि नुकसानीला सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते. बारीक बट घेऊन, पुढे फणी धरून, एकदाच सावकाश फिरवलेला चिमटा हा जाड बटेवरून पाचदा फिरवलेल्या चिमट्यापेक्षा अधिक काम करतो. उत्तम सिल्क प्रेसला दोन-अडीच तास लागतात ते याच कारणाने.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आर्द्रतारोधक सीरम लावून केस दिवसचे दिवस टिकतात हे तर डोळ्यांना दिसते. दिसते, आणि ते खरेही आहे. पण ते कशामुळे होते हे नीट पाहायला हवे. या सीरममध्ये बहुधा डायमेथिकोनसारखी सिलिकोने असतात. सिलिकोनचा पातळ थर पाण्याचे थेंब झटकतो, केसांमधले घर्षण कमी करतो, बटा एकमेकींत अडकू देत नाही आणि चमक आणतो. बाष्पाला मात्र तो बराच सच्छिद्र असतो. द्रवरूप पाणी अडले म्हणजे वायुरूप पाणी अडले असे होत नाही. बाष्प अडवण्यात पेट्रोलॅटमसारखे जड, मेणचट पदार्थ सिलिकोनहून सरस ठरतात, आणि जुन्या काळच्या हॉट कोंबबरोबर वापरले जाणारे पोमेड नेमके याच जातीचे असे. त्याची किंमतही होती: केस चिकट, जड, टाळूला लगटलेले. आजच्या सिल्क प्रेसला वाऱ्यावर झुलणारे हलके केस हवे असतात, म्हणून तिने हलका थर निवडला आणि टिकाऊपणाचा काही भाग सोडून दिला. झुलणे आणि टिकणे या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत पूर्णपणे मिळत नाहीत. खोबरेल तेलाचे प्रकरण वेगळे आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातून होणारी प्रथिनांची गळती कमी केली. खनिज तेल आणि सूर्यफूल तेल यांना ते जमले नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण. त्यामुळे केस धुण्याआधी ते लावणे शहाणपणाचे आहे, पण हा केस वाचवण्याचा उपाय झाला, सरळपणा टिकवण्याचा नव्हे. आणि ग्लिसरीन, मध, कोरफड असलेली उत्पादने, जी वेटोळे मोकळे सोडल्यावर कोरड्या हवेत उपयोगी पडतात, ती सरळ केलेल्या केसांवर दमट दिवसांत टाळलेलीच बरी, कारण हवेतले पाणी ओढून धरणे हेच त्यांचे काम.

हवेबद्दल इतके बोलताना पाण्याचा दुसरा, अधिक जवळचा स्रोत विसरला जातो: घाम. कपाळावरची आणि मानेवरची केसांची कड सर्वांत आधी मूळपदावर येते, कारण तिथे बाष्प नव्हे तर प्रत्यक्ष पाणी पोचते, आणि पाण्याने हायड्रोजन बंध मिनिटांत सुटतात. रात्री केस डोक्याभोवती एका दिशेने सपाट गुंडाळून त्यावर रेशमी किंवा सॅटिनचा रुमाल बांधायची कृष्णवर्णीय घरांतली रीत याच जाणिवेतून आलेली आहे. सुती उशी केस घासते आणि ओढते; गुळगुळीत कापड ते टाळते, आणि ताणून गुंडाळलेल्या केसात रात्री थोडा ओलावा शिरला, तरी सकाळी तो निघून जाताना बंध पुन्हा सरळ स्थितीतच जुळतात. कोणत्याही सीरमपेक्षा हा उपाय मला अधिक सयुक्तिक वाटतो, कारण तो पाण्याला अडवत नाही, पाण्याच्या येण्याजाण्याचा उपयोग करून घेतो. मात्र घामाची भीती केसांपुरती राहत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०३ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांच्या एका पाहणीत सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी केसांमुळे कधी ना कधी व्यायाम टाळल्याचे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या तत्कालीन सर्जन जनरल रेजिना बेंजामिन यांनी अटलांटातल्या केशव्यावसायिकांच्या मेळाव्यात जाऊन हाच मुद्दा मांडला होता. पाहणी लहान आहे, पण ज्या समाजात उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे आहे तिथे ती दुर्लक्षण्यासारखी नाही. केसांचा सरळपणा एक-दोन दिवसांनी कमी टिकला तर काय बिघडते, हा प्रश्न इथे खरोखर विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. उसने घेऊन रोज हिशेब ठेवण्यापेक्षा केस कायमचे सरळ का करू नयेत? तेही रसायनशास्त्राला येते. सोडियम हायड्रॉक्साइडचे रिलॅक्सर गंधकाच्या दोन अणूंमधला बंध तोडून त्याजागी एकाच गंधकाचा, लॅन्थिओनिन नावाचा जोड तयार करतात. तो परत फिरत नाही आणि दमट हवेने वेटोळे परतत नाही. पण हीच अल्कधर्मी द्रव्ये टाळू भाजतात आणि केसाच्या पृष्ठभागावरचा नैसर्गिक स्निग्ध थर काढून टाकतात, त्यामुळे केस सरळ राहतो पण पूर्वीपेक्षा दुबळा आणि पाण्याला अधिक मोकळा होतो. फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी द्रव्ये वापरून केलेल्या ‘केराटिन’ उपचारांबद्दल अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने २०११ मध्येच धोक्याची सूचना काढली होती, कारण ती वाफ सलूनमध्ये काम करणारीच्या छातीत रोज जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशा द्रव्यांवर बंदीचा प्रस्ताव आणण्याचा मनोदय जाहीर केला, नंतर त्याच्या तारखा पुढे सरकत गेल्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या ‘सिस्टर स्टडी’चे निष्कर्ष आले: ३३,४९७ स्त्रियांच्या जवळजवळ ११ वर्षांच्या पाठपुराव्यात, केस सरळ करणारी उत्पादने वर्षातून चारहून अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका ४.०५ टक्के, तर कधीच न वापरणाऱ्यांना १.६४ टक्के असल्याचा अंदाज निघाला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. त्याच्या प्रश्नावलीत रिलॅक्सर, स्ट्रेटनर आणि प्रेसिंगची उत्पादने एकत्रच विचारली होती, त्यामुळे नेमका दोष कोणत्या द्रव्याचा हे त्यातून कळत नाही. तरीही धोका दुपटीहून अधिक दिसत असताना, ही द्रव्ये वापरणाऱ्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया बहुसंख्य असताना, ‘अजून सिद्ध झालेले नाही’ एवढ्यावर स्वस्थ बसणे मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो: मग केस सरळ करायचेच कशाला? त्यामागची तळमळ खरी आहे. सरळ केसांची अपेक्षा अमेरिकेत नोकरीच्या आणि शाळेच्या नियमांतून लादली गेली. २०१६ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने, ड्रेडलॉक्स कापायला नकार दिल्यामुळे देऊ केलेली नोकरी काढून घेणे हा वांशिक भेदभाव ठरत नाही, असा निर्णय दिला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन ॲक्ट’ करून केसांच्या पोतावरून भेदभाव करण्याला पहिल्यांदा मनाई केली, आणि नंतर वीसहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली. संघीय विधेयक प्रतिनिधीगृहात २०२२ मध्ये संमत झाले, पण सिनेटमध्ये पुढे गेले नाही. सक्ती गेली पाहिजे याबद्दल दुमत नसावे. परंतु सक्ती गेल्यावर उरणारी निवड ही त्या स्त्रीची आहे, आणि उष्णतेने सरळ केलेले केस त्या निवडीला खास साजतात, कारण धुतले की वेटोळे परत मिळते. एका महिन्यात सरळ आणि पुढच्या महिन्यात वेणीत गुंफलेले केस, दोन्ही तिचेच. इथे परतीची वाट हेच या पद्धतीचे सगळे मोल आहे.

म्हणूनच ‘हीट ट्रेनिंग’ नावाने सांगितल्या जाणाऱ्या सल्ल्याबद्दल सावध राहायला हवे. वारंवार तापवत राहिले की केसांना सरळ राहण्याची सवय लागते आणि दमट हवेतही ते फुलत नाहीत, असे त्यात म्हणतात. केसाचा टाळूबाहेरचा भाग जिवंत नसतो, त्याला सवय लागत नाही. वारंवार उष्णतेने गंधकाचे बंध आणि प्रथिनांची घडी मोडत जाते, आणि वेटोळे धरून ठेवणारे काही शिल्लक राहिले नाही की ते परतत नाही. बाहेरून हे यश वाटते. पडताळा सोपा आहे: केस धुऊन, काही न लावता, एकेक बट ओली असतानाच पाहावी. मुळाजवळ वेटोळे घट्ट आणि टोकाकडे दोरीसारखे लोंबते असेल, तर टोकाकडच्या भागाने चौकट गमावली आहे. त्या भागावर पुन्हा चिमटा फिरवू नये. मास्क आणि प्रथिनांचे लेप त्याला काही दिवस मऊ आणि धडधाकट दाखवतात, पण मोडलेली घडी पूर्ववत करू शकत नाहीत. तो भाग हळूहळू कापत जावा आणि मुळाशी नवा केस वाढू द्यावा. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.